शंका असेल तर ‘हो’ लिहा: ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थ, ॲडलेड आणि इतर ठिकाणच्या मराठी मंडळांचे पदाधिकारी व सभासद यांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी फार थोड्यांना मी ओळखते. तुमच्या आई-वडिलांना मात्र चांगलं ओळखते. मुंबई विमानतळावर काट्याजवळ बॅगा उघडून एकीतला डबा दुसरीत सरकवणारे, सिंगापूरला पाट्या वाचत वाचत नेमके उलट्या दिशेला जाणारे, आणि तिकडे उतरल्यावर ‘आमच्याकडे काही नाही’ असं ठामपणे सांगणारे. मीही त्यांच्यातलीच. राहते लातूरला, मुलगी मेलबर्नला.

त्या ‘काही नाही’साठीच हे पत्र आहे. ऑस्ट्रेलियात उतरताना जे कार्ड भरून द्यावं लागतं, त्यावर आमची पिढी सर्रास खोटं लिहिते. ते खोटं बहुतेक वेळा तुम्ही मागवलेल्या सामानाच्या यादीमुळे आणि तुमच्या गप्प बसण्यामुळे लिहिलं जातं. बोल कडू आहे, पण मागे घेत नाही.

उतरायच्या आधी विमानात हे कार्ड वाटतात. नाव, पासपोर्ट नंबर, विमानाचा नंबर, तिकडचा पत्ता, आणि मग ११ प्रश्न. प्रत्येकापुढे ‘येस’ आणि ‘नो’ असे दोन चौकोन. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि वाचायचा चष्मा वरच्या कप्प्यातल्या पर्समध्ये. शेजारचा एखादा विद्यार्थी मदतीला येतो. पोरगा सालस असतो, पण रात्रभर जागा असतो आणि आधीच चार जणांची कार्डं भरून कंटाळलेला असतो. ‘काकू, बॅगेत काही नाही ना?’ ‘काही नाही रे बाळा, थोडासा खाऊ आहे.’ तो अकराच्या अकरा ठिकाणी ‘नो’ करतो, काकू खाली सही करतात. त्या सहीपासून सगळी जबाबदारी काकूंची. कार्ड कुणी भरलं, हे पुढे कुणी विचारत नाही.

आता ते प्रश्न नीट बघा. पहिलाच प्रश्न असा की, तुमच्याजवळ बंदी किंवा निर्बंध असू शकणाऱ्या वस्तू आहेत का. आणि उदाहरणं एका दमात: औषधं, स्टेरॉइड, बेकायदा अश्लील साहित्य, बंदुका, शस्त्रं, अमली पदार्थ. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा डबा घेऊन निघालेल्या आमच्या पेन्शनर मंडळींनी या रांगेत स्वतःला कसं उभं करावं? ‘छे, छे, आपल्याकडे कुठे असलं काही’ म्हणून ‘नो’ होतं. सहावा प्रश्न मांस, मासे, अंडी, दुधाचे पदार्थ, फळं, भाज्यांचा. सातवा धान्य, बिया, कंद, सुकामेवा, वनस्पती आणि त्यांचे भाग, पारंपरिक औषधं, जडीबुटी, लाकडी वस्तू यांचा. सातव्याला ‘नो’ लिहिता येईल अशी मराठी बॅग मी तरी बघितलेली नाही. गोडा मसाला सातव्यात, मेतकूट सातव्यात, तुळशीची माळ सातव्यात, च्यवनप्राश सातव्यात आणि पोळपाट-लाटणंसुद्धा सातव्यातच. आठव्यात प्राणिजन्य वस्तू, म्हणजे मध, शंख-शिंपले, मोरपीस. नवव्यात माती. दहावा प्रश्न गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा गुराढोरांत गेला होतात का, याचा. आमच्या भागातली माणसं निघायच्या आदल्या आठवड्यात शेतावर चक्कर मारतातच. तीच चप्पल घालून विमानातही बसतात.

आणि याच कार्डावर प्रश्नांच्या डोक्यावर एक ओळ छापलेली आहे: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्या, खात्री नसेल तर ‘येस’. ती ओळ आमच्यापर्यंत पोचतच नाही. आमच्या मनात ‘येस’ म्हणजे पकडलं जाणं आणि ‘नो’ म्हणजे सुटका. तिकडचा कायदा नेमका उलटा चालतो.

‘येस’ केलं की काय होतं? वेगळ्या रांगेत पाठवतात. अधिकारी विचारतो काय काय आहे, बॅग एक्स-रेमधून जाते, कधी उघडून बघतात, कधी कुत्रा हुंगून जातो. चालणारी वस्तू परत मिळते, न चालणारी काढून घेतात. अर्धा-पाऊण तास जादा जातो. वस्तू बंदीची असली तरी ती आपण होऊन सांगितली असेल, तर दंड होत नाही. एवढं एक वाक्य तुमच्या आईला तुमच्या तोंडून कळलं, तर या पत्राचं निम्मं काम झालं.

‘नो’ करून सापडलं तर मात्र हिशेब वेगळा. जुलै २०२२ मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या पाठपिशवीत अंडं आणि बीफ घातलेले दोन मॅकमफिन आणि एक हॅमचं क्रोसाँ निघालं. दंड २,६६४ डॉलर. पुढच्या वर्षी न्यूझीलंडहून ब्रिस्बेनला आलेल्या ७७ वर्षांच्या एका आजींच्या पिशवीत विमानतळावरच घेतलेलं चिकन सँडविच विसरून राहिलं होतं. त्यांना ३,३०० डॉलर. गुन्हा दोघांचा एकाच तोलाचा, रक्कम वेगळी, कारण तिकडे दंड ‘एककां’त मोजतात आणि एककाची किंमत वाढत जाते. दोघांनाही १२ एककं लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये एक एकक ३३० डॉलरचं झालं, म्हणजे त्याच सँडविचचे ३,९६० डॉलर. आपल्या पैशात दोन लाखांच्या वर.

पैसे भरून विषय संपला तर एक वेळ नशीब म्हणायचं. एप्रिल २०१९ पासून या कारणाखाली पाहुण्यांचा व्हिसाच विमानतळावर रद्द करता येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिएतनामहून सिडनीला उतरलेल्या एका बाईंच्या सामानात दहाएक किलो खाण्याच्या वस्तू निघाल्या, त्यात कच्चं डुकराचं मांस होतं आणि कार्डावर त्याचा उल्लेख नव्हता. त्यांना तिथूनच परत पाठवलं, आणि पुढची तीन वर्षं येण्याची बंदी. नातवंडाचं तोंड काचेपलीकडून बघून परतणारी आजी कशी दिसेल, याची कल्पना मी करू शकते. तुम्हीही करा.

मोठ्या माणसांना सूट मिळते असंही नाही. जॉनी डेप आणि अँबर हर्ड २०१५ मध्ये आपली दोन छोटी कुत्री खासगी विमानातून क्वीन्सलंडला घेऊन गेले. तेव्हाचे कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी जाहीर सांगितलं की कुत्री परत न्या, नाहीतर त्यांना मारावं लागेल. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी हर्डबाईंनी कोर्टात गुन्हा कबूल केला, तो कुत्री आणल्याचा नव्हता. आगमन कार्डावर खोटं लिहिल्याचा होता. त्याच खटल्यात नवरा-बायकोंनी कॅमेऱ्यासमोर बसून माफीही मागितली. तो व्हिडिओ आमच्या ह्यांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘यांचे चेहरे आपल्या प्रमोदसारखेच झालेत.’ प्रमोद कोण आणि त्याने काय केलं होतं, ते इथे सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढासा मसाला, मूठभर डाळ, त्याने त्या अवाढव्य देशाचं काय बिघडणार? इथे मला थोडं माझ्या नोकरीतलं बोलू द्या.

माझी सगळी नोकरी धान्याच्या वखारीत गेली. हरभऱ्याची, तुरीची, गव्हाची पोती, थप्प्या, ताडपत्र्या, धुरीच्या गोळ्या, हेच माझं ऑफिस. तिथे सोंडे होते, पोरकिडे होते, उंदीर तर होतेच. पण ज्याचं नाव निघालं की साहेबसुद्धा खुर्चीतून उठायचे, तो खपरा. भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, दिसायला किरकोळ. खातो तो नव्हे, त्याची केसाळ अळी. दाण्याचा कोंब आधी फस्त करते. थप्पीवरून हात फिरवला की कातेचा भुसा हाताला लागतो, खाज सुटते. खाणं संपलं तर ही अळी मरत नाही. पोत्याच्या शिवणीत, फळीच्या फटीत, भिंतीच्या पोपड्यामागे जाऊन वाढ थांबवून पडून राहते, वर्षंच्या वर्षं. रिकामी वखार झाडून-पुसून, धुरी देऊन नवं धान्य भरावं, तर ही पुन्हा हजर. त्या अवस्थेत तिला धुरीसुद्धा पुरती लागत नाही.

हा खपरा मूळचा आपल्याकडचा. जगभरच्या बंदरांवर त्याला इंग्रजीतही खपराच म्हणतात. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला तेव्हा अख्खी गोदामं ताडपत्रीत गुंडाळून त्यांत विषारी वायू सोडावा लागला, आणि त्याचा नायनाट व्हायला दशकाहून जास्त काळ गेला. ऑस्ट्रेलियात तो नाही आणि त्यांना तो नकोय. २०२० मध्ये बाहेरून आलेल्या फ्रिजच्या खोक्यांत तो कांगारू बेटावर सापडला, तेव्हा तिथलं कृषी खातं खडबडून जागं झालं. तो पसरला तर वीस वर्षांत साडेपंधरा अब्ज डॉलरचं नुकसान होईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांचा गहू जगभर जातो. खपरा असलेल्या देशाचा गहू घ्यायला गिऱ्हाईक नाखूश असतात.

म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरपासून प्रवाशांनी सोबत न्यायच्या जिनसांच्या एका यादीवर बंदी आली. यादी वाचली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आमच्या लातूरच्या आडत बाजारात उभं राहून लिहिली आहे: तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, चवळी, सोयाबीन, शेंगदाणे, करडई, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या. किलोभर असो की चिमूटभर. आई म्हणून मला त्याचं वाईट वाटतं. वखारीतली बाई म्हणून मी त्या यादीवर डोळे मिटून सही केली असती.

दुधाच्या मिठाईचंही असंच कारण आहे, आणि ते गावाकडच्या माणसाला एका शब्दात कळतं: लाळ्या-खुरकूत. गाईच्या तोंडातून लाळ गळते, खुरांत जखमा होतात, दूध आटतं, बैल ऐन पेरणीत बसून राहतो. आपल्याकडे ते इतकं सवयीचं आहे की लसीकरणासाठी २०१९ मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू करावा लागला. ऑस्ट्रेलियात हा रोग शेवटचा १८७२ मध्ये दिसला. ब्रिटनमध्ये २००१ साली त्याची साथ आली तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. ऑस्ट्रेलियात मोठी साथ आली तर दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असं तिथलेच अभ्यासक सांगतात. हा रोग असलेल्या देशातून दुधाचे पदार्थ प्रवाशांनी आणायचे नाहीत, आणि त्या देशांत आपला नंबर लागतो. त्यामुळे दिवाळी जवळ आली की पेढे, बर्फी, रसमलई आणू नका, असं तिथलं खातं दर वर्षी सांगत असतं. त्यात आपल्या हलवायाच्या स्वच्छतेवर शंका घेतलेली नाही, हे घरातल्या मानी माणसांना नीट समजावून सांगा. आमच्या ह्यांना ते समजवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

शहाणपण त्यांनाही फुकट मिळालेलं नाही. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर व्हिक्टोरियात ससे सोडले. पुढे त्या सशांनी किती कुरणं खाल्ली, ते तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. फड्या निवडुंग तिकडे नेला, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन कोटी हेक्टरांहून जास्त जमीन त्याने गिळली, आणि अर्जेंटिनाहून एका पतंगाच्या अळ्या आणून त्या निवडुंगावर सोडाव्या लागल्या. दुधाने पोळलेली माणसं आहेत ती. ताकही फुंकणारच.

आता तुमच्या यादीकडे येते. कुणाचे आई-वडील निघणार असं कळलं की तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर काय सुरू होतं, हे मला मुलीच्या फोनवर बघायला मिळालं आहे. ‘काका येताहेत ना, माझ्यासाठी पाव किलो भाजणी.’ ‘एक पाकीट अळीव चालेल का?’ ‘आईने एक छोटंसं पार्सल दिलंय, पुण्यात कुणी आणून देईल.’ ते छोटंसं पार्सल चिकटपट्टीने घट्ट बांधलेलं असतं आणि त्यात काय आहे ते आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काकांना नाही म्हणता येत नाही, कारण तुम्ही त्यांच्या मुलाचे मित्र. कार्डावर सही मात्र काकांची. बॅगेतली प्रत्येक वस्तू त्यांची, दुसऱ्याने दिली हे उत्तर तिथे चालत नाही. सत्तरीच्या माणसाला परमुलखात, न कळणाऱ्या भाषेत, तुमच्या भाजणीचा जाब द्यायला उभं करू नका. भाजणी काय, मेतकूट काय, सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये आणि मेलबर्नच्या डँडेनाँगमध्ये भारतीय दुकानांच्या रांगा आहेत. रीतसर आयात केलेला माल तिथे मिळतो. आईच्या हातची चव नसेल. आईच तिकडे येते आहे ना? मग तिच्या हाताला तिथलं सामान द्या.

सर्वांत अवघड बॅग बाळंतपणाला निघालेल्या आईची. डिंक, खारीक, अळीव, मेथ्या, बाळंतशोपा, ओवा, सुंठ, खसखस, जायफळ, वेखंड, गुटीचा सगळा सरंजाम. यातलं काहीही सोडायचं म्हटलं की तिचा जीव कासावीस होतो, लेकीच्या दुधाची काळजी असते. तिच्याशी वाद घालू नका. निघायच्या महिनाभर आधी तिला तुमच्या दुकानातल्या कपाटांचे फोटो पाठवा, तिकडे काय मिळतं ते तिला डोळ्यांनी दिसू द्या. जे मिळत नाही ते थोडं, वेगळ्या पारदर्शक पिशवीत, वर नाव लिहून, हातातल्या सामानात सहज काढता येईल असं. कार्डावर सातव्याला ‘येस’. मग ठेवायचं की काढायचं, ते अधिकारी ठरवेल. पूर्ण तळलेलं-भाजलेलं, टिकाऊ, दूध-मांस नसलेलं बहुधा परत मिळतं. गेलं, तर गेलं.

आणि मंडळांनी स्वतःच्या गणपतीकडेही बघावं. दूर्वा, आंब्याच्या डहाळ्या, केळीची पानं, दर्भ, गोवऱ्या, गोमूत्र, ताजी फुलं हे साहित्य कुणाच्या तरी आईच्या बॅगेतून मागवून तुमचा उत्सव साजरा होणार असेल, तर तो बाप्पालाही आवडायचा नाही. राख्यांचंही तेच, बिया, धान्य किंवा खरी फुलं गुंफलेली राखी टपालातून पाठवू नका असं आपापल्या बहिणींना सांगा. रेशमी धाग्याची पाठवली तरी भाऊ ओवाळणी देतोच.

औषधांबद्दल थोडक्यात. स्वतःची औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणता येतात. ही सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या आणि त्याच्याबरोबर प्रवास करणाऱ्या जवळच्या कुटुंबीयांच्या औषधांपुरतीच आहे. तिकडे डॉक्टरकडे जायला महाग पडतं म्हणून आईच्या हस्ते अँटिबायोटिकच्या पट्ट्या मागवणारे पुष्कळ आहेत. ते या सवलतीत बसत नाही.

दागिन्यांचं आणखी थोडकं. बारशाला नातवाच्या गळ्यात घालायला साखळी आणि बिंदल्या निघतात. परदेशातून आणलेल्या, भेट म्हणून आणलेल्यासुद्धा, वस्तूंची मोठ्या माणसाला मर्यादा ९०० डॉलर, अठरा वर्षांखाली ४५०. सोन्याचा आजचा भाव बघता ९०० डॉलरमध्ये काय बसतं ते सराफाला विचारा. मर्यादा ओलांडली की कर फक्त वरच्या रकमेवर बसत नाही, त्या प्रकारच्या सगळ्या वस्तूंवर बसतो. एकत्र आलेल्या कुटुंबाला मर्यादा एकत्र धरता येते. रोकड कितीही न्या, पण १०,००० डॉलर किंवा जास्त असेल तर सांगा. दारू सव्वादोन लिटर, सिगारेटी २५. आमच्या वयात हे शेवटचं लागत नाही. ह्यांच्या मित्रमंडळाला लागतं.

व्हिसाबद्दल तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं, अर्ज तुम्हीच भरता. अडचण तिथेच आहे. अर्ज तुम्ही भरता, पत्र तुमच्या ई-मेलवर येतं, आणि आईला फक्त ‘व्हिसा आला’ एवढं कळतं. पासपोर्टवर शिक्का नाही, चिकटवलेला कागद नाही. मुंबईच्या काउंटरवर कुणी विचारलं तर ती काय दाखवणार? ते पत्र छापून प्रत्येकाच्या हातात द्या, आणि त्यातल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा: एक कुठल्या तारखेपर्यंत पोचायचं ती, दुसरी किती महिने राहायचं ती. या दोन्ही एकच समजून परतीचं तिकीट काढणारे आई-वडील मी पाहिले आहेत. पत्रात ८५०३ ही अट असेल तर तिचा अर्थ असा की तिकडे राहून दुसरा व्हिसा मागता येणार नाही. ‘अजून दोन महिने थांब ना’ हे लाडाने म्हणण्याआधी ते वाचा. तीन-पाच वर्षांचा व्हिसा मिळालेल्या पालकांना बहुधा १८ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. पासपोर्ट नवा झाला तर नवा नंबर तिकडच्या खात्याला कळवावा लागतो, नाहीतर व्हिसा जुन्या नंबराला चिकटलेला राहतो. पंचाहत्तरी गाठलेल्यांना वैद्यकीय तपासणी आहे, तीही नेमून दिलेल्या दवाखान्यातच. आणि विमा घ्या. आपलं त्यांच्याशी वैद्यकीय सोयीचं काही करारपत्र नाही, मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, आमच्यासाठी नाही. पाय घसरून पडलं तर बिल तुमच्याच नावावर येणार.

अर्जातही तेच ‘काही नाही’ चालू असतं. मुलगी बाळंतपणासाठी बोलावते आणि कारणात लिहिते ‘पर्यटन’. वडिलांच्या खात्यात अर्जाच्या आधी आठ दिवस अचानक पाच लाख येतात आणि व्हिसा आल्यावर परत जातात. हे सगळे करतात म्हणून तुम्हीही करता. अधिकाऱ्याला ते दिसत नाही असं समजू नका. खोटी माहिती किंवा बनावट कागद दिला असं ठरलं तर तीन वर्षं दुसरा व्हिसा मिळणं मुश्कील होतं, आणि कागदावर नाव आईचं असतं. लिहा ना सरळ, लेकीच्या बाळंतपणाला येत आहे, खर्च जावई करणार आहे, हे त्याचे पगाराचे कागद. यात लपवण्यासारखं काय आहे? आई लेकीकडे जाते, ही गोष्ट तिकडच्या अधिकाऱ्यालाही आई असल्यामुळे कळते.

मंडळांकडे माझ्या मागण्या फार नाहीत. त्या ११ प्रश्नांचा एक मराठी कागद तयार करा, मोठ्या टायपात, शेजारी भरलेल्या कार्डाचा नमुना. आपल्या वस्तूंची नावं आपल्या शब्दांत घाला. ‘वनस्पतीजन्य पदार्थ’ लिहिलंत तर कुणी वाचणार नाही, ‘मसाला, मेतकूट, अळीव, पोळपाट’ लिहा. तो कागद तुमच्या गणेशोत्सवाच्या आणि दिवाळीच्या पत्रिकेबरोबर प्रत्येक सभासदाकडे जाऊ दे, म्हणजे तो आपल्या आईला पाठवेल. मंडळाच्या गटावर दुसऱ्यांच्या आई-वडिलांकडून सामान मागवण्याला बंदी घाला आणि पहिल्यांदा अध्यक्षांच्याच पार्सलला ती लावा. कुणाचे पालक पहिल्यांदा, एकटे, इंग्रजी न येता निघत असतील, तर निघायच्या आदल्या रात्री मंडळातल्या कुणीतरी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बसून त्यांची बॅग आणि ते कार्ड त्यांच्याकडून वाचून घ्यावं. शिबिरं, भाषणं, सत्कार काही नको. अर्धा तास.

मराठी कागदाचा कच्चा खर्डा मी लिहून देते, वस्तूंची यादी माझ्याजवळ तयार आहे. दर वर्षी नियम बदलतात, त्यामुळे तिकडच्या खात्याच्या ताज्या माहितीशी ताडून बघण्याचं काम तुमच्यातल्या कुणीतरी अंगावर घ्यावं. ज्यांना हवा असेल त्यांनी मंडळाच्या सचिवांकडे नाव द्यावं. श्रावणाच्या आधी छापून झाला तर श्रावणात निघणाऱ्यांना तो मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लातूरची एक आजी, वखारीतली निवृत्त